डागकाकूंच्या दीर्घिका

आमच्या छापखान्यात त्यांना तोंडावर सगळे काकू म्हणत आणि पाठीमागे डागकाकू. हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. एकदा मशीनमन फोनवर गिऱ्हाइकाला सांगत होता, "थांबा, डागकाकूंना बोलावतो," आणि काकू नेमक्या त्याच्या मागे उभ्या होत्या. "आल्या म्हणून सांग," म्हणाल्या आणि फोन हातात घेतला. त्या दिवसापासून आम्ही त्यांना तोंडावरही डागकाकू म्हणायला मोकळे झालो, पण मग कुणालाच त्यात मजा राहिली नाही.

त्यांचं काम टचिंगचं. फोटो छापायला जाण्याआधी त्यावरची धूळ, ओरखडे, चिकटलेला केस, नको असलेली सावली, सगळं काढून टाकायचं. आधीची पंधरा-सोळा वर्षं त्यांनी हे काम खालून दिवा लावलेल्या काचेच्या टेबलावर, मोजून तीन केसांच्या ब्रशने केलं. मग कॉम्प्युटर आला. छापखान्यातल्या निम्म्या जुन्या माणसांनी तेव्हा हाय खाल्ली. काकू पन्नाशीला टेकल्या होत्या, तरी दोन महिन्यांत शिकल्या. "ब्रश बदललाय, डोळा तोच आहे," एवढंच म्हणाल्या.

माझं टेबल त्यांच्या शेजारी. मी मुद्रितशोधक, छापायच्या मजकुरातल्या चुका शोधायच्या हा माझा धंदा. त्या मला 'ऱ्हस्वदीर्घ' म्हणायच्या. "ए ऱ्हस्वदीर्घ, चहा सांग." दोघांचंही पोट दुसऱ्यांच्या चुकांवर चालायचं, त्यामुळे आमचं बरं जमायचं. फरक एवढाच की मला शब्दकोश उघडावा लागायचा आणि काकूंना काहीच उघडावं लागत नसे. फोटो समोर आला की दोन मिनिटं त्या नुसत्या बघत बसायच्या आणि मग सरळ कामाला हात घालायच्या. विचारायच्या नाहीत. एका कारखान्याच्या पुस्तिकेत त्यांनी मोठ्या साहेबांच्या गालावरची चामखीळ काढून टाकली. साहेबांना ते कळलंही नाही. त्यांच्या बायकोचा फोन आला. "हे कोण गृहस्थ छापलेत तुम्ही?" काकूंनी शांतपणे उत्तर दिलं, "ठेवायची होती तर आधी सांगायचं. मी काढायला बसलेय, ठेवायला नाही."

घरी त्या आणि काका दोघंच. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या शहरात. काका बसचालक होते, एकतीस वर्षं. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती आणि त्या दोन वर्षांत माणूस खिडकीजवळच्या खुर्चीत जो बसला तो बसलाच. खालून जाणाऱ्या बसचा नुसता आवाज ऐकून "हिचा क्लच गेलाय" असं पुटपुटायचे, तेवढंच काय ते बोलणं. काकू याबद्दल फार सांगायच्या नाहीत. कधीतरी डबा उघडताना म्हणायच्या, "आज पाच वाक्यं झाली. बरा दिवस आहे."

अशात वेधशाळेचं काम आलं.

शहराबाहेरच्या डोंगरावर ती वेधशाळा आहे. त्यांना सर्पिल दीर्घिकांच्या फोटोंचं मोठं प्रदर्शन भरवायचं होतं. दीर्घिका म्हणजे ताऱ्यांची अवाढव्य वसाहत. आपला सूर्य जिच्यात आहे ती आकाशगंगा ही अशीच एक. सर्पिल म्हणजे मधल्या गाभ्याभोवती वेटोळं घालत बाहेर गेलेल्या हातांची. दाराएवढे उंच चोवीस फोटो, वेगवेगळ्या दुर्बिणींतून घेतलेले. मालकांनी काम घेतलं आणि नेहमीसारखं काकूंच्या टेबलावर ठेवलं. माझ्याकडे फोटोंखालचा मजकूर आला. मी काकूंना म्हटलं, "बघा, 'दीर्घिका' शब्दात पहिली वेलांटी दीर्घ, दुसरी ऱ्हस्व. दी आणि मग र्घि. लोक हटकून चुकणार."

"तुझी वेलांटी तू सांभाळ," त्या म्हणाल्या. "मला हे काळं सांभाळायचंय. नुसती काळी शाई मारली तर एवढं मोठं आकाश राखेसारखं दिसेल. खाली निळी द्यावी लागेल."

तीन दिवस त्या मान वर न करता बसल्या. चौथ्या दिवशी पहिली सहा प्रूफं भिंतीवर लागली. आम्ही सगळे हातातली कामं टाकून बघायला गेलो. मी खोटं कशाला बोलू, तोवर मला ही चित्रं म्हणजे कॅलेंडरावरची शोभा वाटायची. पण दाराएवढं चित्र समोर उभं राहिलं तेव्हा वेगळंच झालं. मध्ये जुन्या कागदासारखा पिवळसर, उबदार गाभा. त्यातून निघालेले दोन निळे हात, फिरत फिरत, विरत विरत बाहेर गेलेले. हातांच्या कडेने गुलाबी ठिपक्यांची रांग, आत तपकिरी रेघा. आणि भोवती स्वच्छ, खोल काळं. मशीनमन, जो कुठल्याही छपाईला 'ठीक' याच्या वर शब्द वापरत नसे, तो म्हणाला, "हे फिरतंय असं वाटतं."

दुपारी वेधशाळेतल्या मॅडम प्रूफं बघायला आल्या. आखूड केस, दोरीला अडकवलेला चष्मा, खांद्याला कापडी पिशवी. आधी लांबून पाहिलं आणि चेहरा खुलला. मग जवळ आल्या. मग इतक्या जवळ आल्या की नाक कागदाला लागेल असं वाटलं.

"इथलं कुठे गेलं?" त्यांनी वरच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"काय कुठे गेलं?" काकूंनी विचारलं.

"इथे एक छोटासा पुसट डाग होता. आणि इथे. इथे दोन होते."

"काढले," काकू म्हणाल्या. आवाजात अभिमान होता. "या एका फोटोत अकरा होते. एकही ठेवला नाही."

मॅडमनी चष्मा काढला. "काकू, ते डाग नव्हते. त्या दीर्घिका होत्या."

काकूंनी पुन्हा त्या कोपऱ्याकडे पाहिलं.

"ही मधली मोठी दिसते ना, तशाच. काही हिच्याहून मोठ्याही असतील. फक्त हिच्या फार फार मागे आहेत, म्हणून एवढ्याशा दिसतात. एकेकीत अब्जावधी तारे असतात."

मशीनमनने तेवढ्यात मशीन बंद केलं होतं, त्यामुळे सगळ्यांनी ते ऐकलं. काकू भिंतीजवळ गेल्या. जिथे आता नुसतं सुरेख काळं होतं तिथे त्यांनी हाताने चाचपून पाहिलं, काही उरलंय का म्हणून. मग वळल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे सोमवारी जेवणाच्या सुट्टीआधी मी अकरा जगं पुसली."

मालक मध्ये पडले. "अहो मॅडम, ते कुणाला दिसणार आहे? उद्घाटन आठ दिवसांवर आलंय. लोक मधलं बघायला येणार."

मॅडम बिचाऱ्या भिडस्त होत्या. "तसं सामान्य माणसाच्या लक्षात येणार नाही," असं काहीतरी म्हणायला लागल्या.

"मला दिसेल," काकू म्हणाल्या. "मूळ फायली जशाच्या तशा आहेत. मूळ प्रतीला मी आजवर हात लावलेला नाही. चोवीसच्या चोवीस पहिल्यापासून करते. पण मॅडम, तुम्ही माझ्या शेजारी बसायचं. मला कळल्याशिवाय आता एक ठिपका काढणार नाही आणि एक ठेवणारही नाही."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मजकुराच्या कागदात डोकं घातलं. काकूंनी एकदा असं म्हटलं की त्यावर अपील नसे.

पुढचे चार दिवस मॅडम रोज सकाळी यायच्या आणि काकूंच्या शेजारी स्टूल ओढून बसायच्या. मी शेजारीच, त्यामुळे माझीही आपसूक शिकवणी झाली. ज्या ठिपक्याला चार टोकं फुटलेली दिसतात तो तारा, आणि तो आपल्याच आकाशगंगेतला. म्हणजे आपण आपल्या अंगणातल्या दिव्यांमधून पलीकडचं गाव बघतोय. जो ठिपका पुसट, लांबट, कापसासारखा, ती दूरची दीर्घिका. आणि जो एकदम धारदार, एकाच पिक्सेलच्या चौकोनाचा, कडा न पसरलेला, तो कॅमेऱ्याचा दोष. "तो मात्र खुशाल काढा," मॅडम म्हणाल्या.

"आलं लक्षात. खऱ्याची कड जराशी पसरते. खोट्यालाच एवढी धार असते," काकू म्हणाल्या. मॅडमनी हे वाक्य वहीत उतरवून घेतलं.

एकदा काकूंनी तपकिरी रेघांबद्दल विचारलं. मॅडम म्हणाल्या, "ती धूळ."

काकूंनी हात आपटला. "इथेही धूळ! हिच्यापासून सुटका नाही माझी."

"ही ठेवायची बरं का. याच धुळीच्या आणि वायूच्या ढगांतून नवे तारे तयार होतात. ते गुलाबी ठिपके दिसतात ना, तिथे ते काम आत्ता चालू आहे. आत्ता म्हणजे, या फोटोतला प्रकाश निघाला तेव्हा. त्याला दोनेक कोटी वर्षं झाली."

काकूंनी कामाचा वेग कमी केला नाही, पण आधी फोटोला 'हा' म्हणायच्या, ते आता 'ही' म्हणायला लागल्या. "हिचा डावा हात सैल आहे." "हिला शेजारणीने ओढलंय, बघ." खरंच, त्या चित्रात दोन दीर्घिका जवळ आल्या होत्या आणि मोठीचा एक हात धाकटीकडे ताणला गेला होता.

मला मात्र त्या आकड्यांनी गरगरायला लागलं होतं. एका दुपारी मी म्हटलं, "काकू, हे सगळं बघून तुम्हाला क्षुल्लक वाटत नाही? म्हणजे आपण कोण, हा छापखाना काय…"

त्यांनी माऊस खाली ठेवला. "डोंगरावर चढून खाली बघितलंस की तुझं घर काडेपेटीएवढं दिसतं ना?"

"दिसतं."

"मग खाली उतरल्यावर दारातून वाकून आत जातोस का?"

मॅडम एवढ्या हसल्या की त्यांचा चष्मा दोरीला लोंबायला लागला.

पाचव्या दिवशी, सगळं संपत आलेलं असताना, काकूंनी मॅडमना फोन लावला. "तुमचा नवव्या आणि सतराव्या क्रमांकाचा फोटो एकाच दीर्घिकेचा आहे ना? एक लांबून, एक जवळून?"

मॅडम हो म्हणाल्या. त्या दोन वेगळ्या ठिकाणांहून मिळवलेल्या प्रती होत्या.

"मग त्यातला एक उलटा आहे."

मॅडमचा आवाज मलाही ऐकू येत होता. त्या समजावत होत्या की दुर्बिणी वेगळ्या असतात, फोटो वेगवेगळ्या दिशेने फिरवलेले असतात, त्यामुळे तसं वाटू शकतं.

"फिरवलेला नाही, उलटा. आरशात बघितल्यासारखा," काकू म्हणाल्या. "मी सगळीकडून फिरवून पाहिलं. डाव्या हाताचा मोजा कितीही गरगर फिरवला तरी उजव्या हाताला बसत नाही. हिच्या खालच्या बाजूला तीन तारे पळीसारखे आहेत. एका फोटोत पळीची दांडी हाताच्या वळणाकडे, दुसऱ्यात वळणाच्या उलट. काचेवर निगेटिव्ह पालथी ठेवली की असंच व्हायचं. आमच्याकडे एकदा अख्खं क्रिकेट मंडळ डावखुरं छापलं होतं."

मॅडम तासाभरात आल्या. सोबत एक जाडजूड नकाशांचं पुस्तक. त्या आणि काकू दोन्ही प्रूफांसमोर भिंग घेऊन उभ्या राहिल्या. पुस्तक उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. शेवटी मॅडम स्टुलावर बसल्या.

"सतरावा उलटा आहे," त्या म्हणाल्या. "जिथून प्रत आली तिथेच कधीतरी उलटला असणार." मग म्हणाल्या, "काकू, हाच फोटो तीन वर्षं माझ्या खोलीच्या भिंतीवर आहे. माझ्या खुर्चीच्या समोर."

"मग आता तो आरशात बघा," काकू म्हणाल्या, आणि सतरावा सरळ केला.

प्रदर्शन ठरल्या दिवशी सुरू झालं. काकूंनी काकांना चल म्हटलं. ते नको म्हणाले. काकूंनी पुन्हा म्हटलं नाही. काकांचे बूट पुसून दारात ठेवले आणि साडी नेसायला गेल्या. बाहेर येऊन बघतात तर काका बूट घालून बसलेले.

दालनात गर्दी चांगली होती. मॅडम एका चित्रासमोर उभ्या राहून माहिती सांगत होत्या. काका मागे हाताची घडी घालून ऐकत होते. मॅडम सांगत होत्या की या दीर्घिकेतले तारे गाभ्याभोवती फिरतात. आतले आपला फेरा लवकर पुरा करतात, बाहेरच्यांना वेळ लागतो. म्हणजे खरं तर काही फेऱ्यांत हे हात दोऱ्यासारखे गुंडाळून नाहीसे व्हायला हवेत. तरी ते टिकून आहेत. कारण हे हात म्हणजे एकाच जागी बांधलेले तारे नव्हेत. तारे त्यात शिरतात, जरा रेंगाळतात आणि पुढे निघून जातात. हाताचा आकार मात्र राहतो. लोकांच्या चेहऱ्यावर काही उजेड पडेना. मॅडमनी पुन्हा सांगितलं. तेव्हा मागून काका मोठ्याने म्हणाले, "म्हणजे कोंडी!"

सगळे वळले.

"पुलाजवळ कोंडी होते, तसं," काका पुढे येत म्हणाले. "सकाळी नऊला तिथे गाड्या तुंबलेल्या असतात, साडेनऊलाही असतात. पण नऊच्या गाड्या साडेनऊला तिथे नसतात. त्या केव्हाच पुढे गेल्या. गाड्या बदलतात, कोंडी तिथेच. मी एकतीस वर्षं तिच्यातून गाडी काढलीय. वरून कुणी फोटो काढला असता तर त्यालाही रोज तोच आकार दिसला असता."

मॅडमनी त्यांच्याकडे बघितलं. "काका, मी हे दहा वर्षं शिकवतेय. इतकं सोपं एकदाही सांगता आलं नाही." आणि खरोखर त्यांनी काकांना पुढे बोलावलं. काकांनी पुलाची कोंडी, सिग्नलची कोंडी, एक लेन बंद पडली की मागे किती लांब रांग जाते, हे सगळं हातवारे करून सांगितलं. लोक हसत होते आणि त्यांना समजतही होतं. काकू खांबाला टेकून बघत होत्या. मी जवळ जाऊन म्हटलं, "आज पाचाच्या वर गेली वाक्यं."

"मोजू नकोस," त्या म्हणाल्या. डोळे पुसले आणि माझ्यावरच डाफरल्या, "आणि सहाव्या फोटोखाली स्वल्पविराम राहिलाय तुझा."

राहिला होता.

प्रदर्शन तीन आठवडे चाललं. काका रोज जायचे, सुरुवातीला बघायला आणि मग सांगायला. मॅडमनी त्यांना गळ्यात घालायला स्वयंसेवकाचं कार्ड दिलं. दालन बंद झालं तरी ते कार्ड त्यांनी परत केलं नाही. शनिवार-रविवारी डोंगरावर येणाऱ्या शाळांना तेच दुर्बीण दाखवायला लागले.

काकूंचं वेगळंच झालं. वेधशाळेच्या तळघरात जुन्या काळच्या काचेच्या फोटोप्लेट्स होत्या, हजारोंनी. पूर्वी आकाशाचे फोटो फिल्मवर नाही, काचेवर घेत. त्या सगळ्यांच्या प्रती कॉम्प्युटरवर घ्यायच्या होत्या आणि पंचाईत अशी, की काचेवर धूळही बसलेली आणि आकाशही. कोणतं काय हे ठरवणारं माणूस मिळत नव्हतं. मॅडम थेट मालकांकडे आल्या. मालक म्हणाले, "बाई गेल्या तर माझं टचिंग कोण करणार?" काकू म्हणाल्या, "सहा महिने शिकवते कुणाला तरी, मग जाते." आणि अगदी तसंच केलं. एक दिवसही त्यांनी लांबवला नाही. सहा महिने संपले त्या संध्याकाळी ब्रश पिशवीत टाकला आणि निघाल्या.

मी मधूनमधून तिकडे जातो. गेल्या शनिवारी गेलो तेव्हा शाळेच्या मुली आल्या होत्या. प्रदर्शनातली चोवीस चित्रं आता तिथल्या लांब ओसरीत कायमची लावली आहेत. एका मुलीने काकूंना विचारलं, "यातली सगळ्यात सुंदर कोणती?"

मला वाटलं, मशीनमन ज्याला फिरतंय म्हणाला होता ते चित्र त्या दाखवतील. काकू चष्मा वर करून ओसरीच्या टोकाला गेल्या. तिथे एक चित्र होतं ज्याच्यासमोर मी कधी थांबलो नव्हतो. काळ्यावर एक आडवी बारीक रेघ, मध्ये किंचित फुगलेली, आणि तिच्या मधोमध गडद धुळीची आणखी बारीक रेघ. हात नाहीत, वेटोळं नाही.

"ही तर नुसती रेघ आहे," मुलगी म्हणाली.

"कडेने दिसतेय ना, म्हणून," काकू म्हणाल्या. "ताटली कडेवर उभी धरली तर गोल दिसते का? हिलाही हात असणार, निळे, गुलाबी ठिपके लावलेले. आपण राहतो ती जागा अशी आहे की इथून ती कड तेवढी दिसते. दुसरीकडून कुणी बघत असेल तर त्याला अख्खी दिसत असेल."

"आणि आपली त्यांना कशी दिसत असेल?"

काकूंनी जरा विचार केला. "ते कुठे राहतात त्यावर आहे," म्हणाल्या. "चल, आत काचा दाखवते. हात पुसलेस का?"

मुलीने दोन्ही तळवे फ्रॉकला पुसले आणि पुढे केले. काकूंनी ते उजेडात धरून नीट तपासले, उलटेसुलटे केले आणि तिला आत घेऊन गेल्या.